पहाटेचं स्वप्न आणि ऑपरेशनची तारीख

"ऑपरेशनआधी पहाटे दात पडल्याचं स्वप्न आलं की अपशकुन, तारीख पुढं ढकला" हा मेसेज कायम फिरत असतो, आमच्या आत्तीलाही गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तेच पडलं आणि तिच्या तळहाताला घाम फुटला.

बघा, झोपेचा एक फेरा साधारण 90 मिनिटांचा, त्यातला स्वप्नांचा टप्पा पहाटेकडं लांबत जातो, तेवढ्यात जाग आली की स्वप्न लख्ख आठवतं, म्हणून ते खरं वाटतं. आणि शरीर दुसऱ्याच्या हाती सोपवायची धास्ती स्वप्नात उतरणारच की, ती आजची असते, उद्याची नाही.

पडताळायचंय? उशाशी वही ठेवा, महिनाभर उठल्याउठल्या तारीख टाकून लिहा, मग किती खरी झाली मोजा. तारखेचं डॉक्टरांनाच विचारा, भीतीपण सांगा. आत्तीनं रंकाळ्यावर फिरताना मला सांगितलं आणि त्या रात्री नीट झोपली.