चारचौघांत विचारलेला प्रश्न

जानेवारी १९७५च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा संगणक झळकला. सुट्या भागांचा संच टपालाने मागवायचा आणि घरी सोल्डर करून जोडायचा. सगळे नीट जुळले तर समोर उभी राहायची एक पेटी. तिला ना कीबोर्ड, ना पडदा. दर्शनी बाजूला बटणांची रांग आणि लाल दिवे, आत २५६ बाइट मेमरी. बटणे वरखाली करून एकेक आकडा भरायचा आणि दिव्यांकडे बघून उत्तर वाचायचे. कंपनीने धरलेल्या अंदाजाच्या कितीतरी पट मागणी आली. यंत्र घरोघरी पोहोचले, पण ते चालवायचे कसे हे सांगणारे माणूस काही त्याच्यासोबत आले नाही.

संगणक वापरणाऱ्यांनी एकत्र येण्याची रीत त्याआधीही होती. आयबीएमची मोठी यंत्रे वापरणाऱ्या संस्थांनी १९५५ मध्ये 'शेअर' नावाचा गट स्थापून आपापले प्रोग्रॅम एकमेकांना द्यायला सुरुवात केली होती. पण तिथली माणसे पगारी होती, यंत्र संस्थेचे होते. अल्टेअरवाल्यांचे तसे नव्हते. यंत्र स्वतःचे, वेळ नोकरी-अभ्यासातून काढलेला, आणि मदत करणे हे कोणाचेच काम नव्हते. तरीही ती मिळू लागली, आणि ती कशी मिळू लागली यातच पुढच्या पन्नास वर्षांची मुळे आहेत.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. फ्रेड मूर यांनी फ्रेंच यांच्यासोबत ती बोलावली होती. गर्दी वाढली तशा बैठका स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या. सूत्रसंचालन ली फेल्सेन्स्टाइन करत, आणि त्यांनी बसवलेली पद्धत मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. बैठकीच्या पहिल्या भागात ज्याला बोलायचे असेल त्याने उभे राहून थोडक्यात सांगायचे, माझ्याकडे हे आहे, मला हे अडले आहे, मी ही बातमी ऐकली आहे. चर्चा तिथे करायची नाही. दुसऱ्या भागात सगळ्यांनी खुर्च्या सोडायच्या, आणि ज्याची अडचण आपल्याला सुटण्यासारखी वाटते त्याला गाठायचे. विचारणाऱ्याला योग्य माणूस आधी ठाऊक असण्याची गरज उरली नाही. त्याने अडचण मोठ्याने सांगायची, जाणकार आपणहून पुढे येणार. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी पुढे अॅपल १ या नावाने विकल्या गेलेल्या संगणकाचे आराखडे याच क्लबात फुकट वाटले होते.

यंत्र हाती होते, तरी भाषेचा प्रश्न उरलाच. बेसिक ही भाषा डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये तयार केली होती, तीही विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांना संगणक वापरता यावा म्हणून. अल्टेअरसाठी तिची आवृत्ती बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांनी लिहिली. तिची कागदी पंचटेप क्लबात हातोहात नकलली गेली. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी हौशी मंडळींना उघडे पत्र लिहून याला चोरी म्हटले आणि विचारले की, पुऱ्या व्यावसायिक दर्जाचे काम फुकटात करणे कोणाला परवडेल? प्रश्न रास्त होता. त्याला एक उत्तर मात्र आधीच तयार होत होते. मेन्लो पार्कच्याच 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी' या नियतकालिकाच्या अंकांतून डेनिस अॅलिसन यांनी टायनी बेसिक या छोट्या भाषेचा आराखडा मांडला आणि वाचकांनी ती आपापल्या यंत्रावर लिहून पाहावी असे सुचवले. वाचकांनी खरोखरच लिहून पाठवली. ते सगळे कोड छापण्यासाठी जानेवारी १९७६ मध्ये 'डॉ. डॉब्ज जर्नल' सुरू झाले. एकाने लिहायचे, दुसऱ्याने चूक दाखवायची, तिसऱ्याने दुरुस्ती पाठवायची, आणि हे सारे छापील पानावर, सर्वांच्या देखत.

बैठकीला येता येत नाही अशांचे काय? शिकागोचे वॉर्ड क्रिस्टेन्सेन आणि रँडी स्यूस यांनी जानेवारी १९७८च्या हिमवादळात अडकून पडले असताना एका फोनलाइनला जोडलेला सूचनाफलक बांधायला घेतला. १६ फेब्रुवारीला तो सुरू झाला. एका वेळी एकच जण जोडला जाई. संगणक फोनलाइनला जोडणाऱ्या मॉडेमचा वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण ३० अक्षरे. एकाने प्रश्न लिहून फोन ठेवायचा, मग दुसऱ्याने येऊन वाचायचा. पण लिहिलेले मागे राहत होते, आणि ज्याने काहीच विचारले नाही त्यालाही ते वाचता येत होते. क्रिस्टेन्सेन यांनी त्याआधी, १९७७ मध्ये, एक्समोडेम ही फाइल पाठवण्याची रीत लिहून सर्वांसाठी खुली केली होती. १२८ बाइटांचा एकेक तुकडा, त्याच्यासोबत बेरजेचा पडताळा, आणि चुकला तर तेवढाच तुकडा पुन्हा. खरखरत्या फोनलाइनवरून प्रोग्रॅम अखंड पोहोचू लागले ते यामुळे.

१९७९ मध्ये टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी युजनेटची, म्हणजे संगणकासंगणकांतून संदेश फिरवणाऱ्या चर्चाजाळ्याची, कल्पना मांडली आणि वर्षभरात ते चालू झाले. तिथे विषयवार गट होते आणि प्रोग्रॅमिंग भाषांना स्वतंत्र जागा होती. मग एक नवीच अडचण आली. तेच प्रश्न दर महिन्याला नव्याने येत आणि जुनी मंडळी कंटाळत. सी भाषेच्या गटात स्टीव्ह समिट यांनी १९९० पासून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ठराविक काळाने प्रसिद्ध करायला सुरुवात केली. नल पॉइंटर म्हणजे नेमके काय, अॅरे आणि पॉइंटर यांत फरक कुठे, एकाच विधानात एखाद्या चलाची किंमत दोनदा बदलली तर काय होईल, अशा प्रश्नांची इतकी काटेकोर उत्तरे त्या काळच्या पुष्कळशा पाठ्यपुस्तकांत नव्हती. कारण साधे होते. चूक लिहिली की दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती सर्वांसमोर दाखवत असे.

भाषेची मदत आणि संगणक बसवण्याची मदत यांत मुळातच फरक आहे. सी भाषा सगळीकडे तीच असते. डेस्कटॉप मात्र प्रत्येकाचा वेगळा. १९९०च्या दशकात साउंड कार्ड आणि नेटवर्क कार्ड यांना प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी एकच इंटरप्ट क्रमांक मिळाला की दोन्ही रुसत, आणि कार्डावरचे जंपर नावाचे चिमुकले जोड हलवून तो बदलावा लागे. डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ६४० किलोबाइट मेमरीत प्रोग्रॅम मावावा म्हणून लोक संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलींतल्या ओळींची उलथापालथ करत. इथे उत्तर देणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्याकडे जास्त माहिती असते, फक्त ती माहिती आहे हे त्याला कळत नसते. म्हणून 'कोणते कार्ड, कोणती आवृत्ती, पडद्यावर नेमके कोणते शब्द आले' हे विचारण्याची शिस्त सेटअपच्या प्रश्नांतूनच सर्वांत जास्त घडली, असे मला वाटते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी युजनेटवरच्या मिनिक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गटात जाहीर केले की आपण ३८६ प्रोसेसरच्या यंत्रांसाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतो आहोत, निव्वळ छंद म्हणून. तीच पुढे लिनक्स झाली. ती बसवणे सोपे नव्हते. चित्रमय पडदा हवा तर मॉनिटरच्या आडव्या-उभ्या वारंवारिता फाइलीत हाताने लिहाव्या लागत, आणि चुकीच्या आकड्यांनी जुना मॉनिटर बिघडण्याची भीती खरी होती. अशा कामांसाठी वापरणाऱ्यांनीच 'हाउ-टू' पुस्तिका लिहिल्या. गावोगावच्या लिनक्स गटांनी इन्स्टॉलफेस्ट, म्हणजे एकत्र बसून लिनक्स बसवण्याचे मेळावे, भरवले. लोक अवजड पेट्या उचलून आणत आणि तोच जंपर, तोच आकडा दहा टाळकी मिळून शोधत.

या काळाचा एक दोषही सांगायला हवा. नवख्याला 'आधी मॅन्युअल वाच' म्हणून झिडकारणे सर्रास चाले. प्रश्न कसा विचारावा हे सांगणारा एरिक रेमंड यांचा २००१चा लेख खूप वाचला गेला. त्यातला सल्ला उपयोगी आहे, पण त्याचा धाक दाखवून कितीतरी जणांना गप्प बसवले गेले, हे मला आजही बोचते. उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीने २००४ मध्ये सुरुवातीपासूनच वागण्याची संहिता ठेवली. ती गरज पुष्कळ उशिरा ओळखली गेली.

२००८ मध्ये जेफ अॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ सुरू केले. उत्तरे मतांनुसार वरखाली होत, इतरांना ती सुधारता येत, आणि मजकूर खुल्या परवान्याखाली राहत असे. तेव्हापासून बहुतेकांना प्रश्न विचारावाच लागेना, शोधले की उत्तर मिळे. नंतर पुष्कळ बोलणे बंद चॅटगटांत गेले, जिथले उत्तर शोधयंत्राला दिसत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर स्टॅक ओव्हरफ्लोने तात्पुरती बंदी घातली, कारण ती दिसायला खरी आणि प्रत्यक्षात वारंवार चुकीची निघत होती. अशी यंत्रे चारचौघांत लिहिलेल्या याच मजकुरावर शिकलेली आहेत, पण यंत्राला विचारलेला प्रश्न इतर कोणाला दिसत नाही.

नवा बिघाड मात्र अजूनही माणसांनाच आधी भेटतो. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नवी आवृत्ती आली आणि एखाद्या लॅपटॉपचे वायफाय बंद पडले, तर कोणीतरी प्रकल्पाच्या बग-नोंदीत हार्डवेअरचा क्रमांक, आवृत्ती आणि लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः टिपलेली नोंद, लिहितो. खाली तसेच मशीन असलेले आणखी काही जण आपला तपशील जोडतात. त्यांतला एखादा हौशी माणूस सुट्टीच्या दिवशी बायसेक्ट करायला बसतो. दोन आवृत्त्यांमधले बदल निम्मे करत जायचे, प्रत्येक वेळी कर्नल बांधून वायफाय लागते का पाहायचे. हजार बदल असतील तर साधारण दहा फेऱ्यांत दोषी बदल सापडतो, आणि त्याचा क्रमांक तो त्याच नोंदीखाली लिहून ठेवतो.