पांढरे छत आणि चकचकीत छत

उन्हाळा तोंडावर आला की घर थंड ठेवण्याचे उपाय सांगणारे लेख येऊ लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच लेखांत ‘छत पांढरे किंवा चकचकीत असावे’ असे वाक्य हमखास सापडते. त्यातल्या ‘किंवा’ला माझा ठाम आक्षेप आहे. चुना दिलेली गच्ची आणि घासून लखलखीत केलेला ॲल्युमिनियमचा पत्रा हे दोन्ही ऊन परतवतात हे खरे. पण स्वतःजवळची उष्णता प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, बाहेर टाकण्याच्या बाबतीत ते जवळजवळ विरुद्ध टोकांना आहेत.

ऊन परतवण्याचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून तो थोडक्यात आटोपतो. चांगला पांढरा रंग उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा शोषतो, लखलखीत ॲल्युमिनियम दहाव्या हिश्शाच्या आसपास. धूळ बसली की दोन्हींचे आकडे बिघडतात.

खरी गफलत पुढे होते. ‘जो चांगला शोषक, तोच चांगला उत्सर्जक’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य लोक इथे लावतात आणि निष्कर्ष काढतात की, पांढरा रंग ऊन कमी शोषतो, त्याअर्थी तो उष्णताही कमीच बाहेर टाकत असणार. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव्ह किरखॉफ यांनी १८५९ मध्ये मांडलेला नियम इतका मोघम नव्हता. पृष्ठभागाची शोषकता (पडलेल्या प्रारणातला शोषला जाणारा हिस्सा) आणि उत्सर्जकता (त्याच तापमानाच्या आदर्श काळ्या, म्हणजे कृष्ण, पदार्थाच्या तुलनेत सोडल्या जाणाऱ्या प्रारणाचे प्रमाण) समान असतात त्या एकाच तापमानाला आणि एकाच तरंगलांबीला; यातली तरंगलांबीची अट पाठांतरात गळून पडते आणि तिच्यासोबत नियमाचा अर्थही गळतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन तापमानाचा असल्यामुळे त्याचे प्रारण ०.५ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असते आणि उन्हातली बहुतेक ऊर्जा २.५ मायक्रोमीटरच्या आतच येते. उलट, ५७ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या छताचे प्रारण सुमारे ९ मायक्रोमीटरला सर्वांत तीव्र असते आणि त्याचा जवळजवळ सगळा भाग ४ मायक्रोमीटरच्या पुढे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात पडतो. म्हणजे छताची जमा एका पट्ट्यात होते आणि खर्च दुसऱ्याच पट्ट्यात. आपण ज्याला रंग म्हणतो, तो पहिल्या पट्ट्याच्याही एका तुकड्याची माहिती देतो. दुसऱ्या पट्ट्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

चुन्याचे किंवा रंगद्रव्याचे बारीक कण दृश्य प्रकाश न शोषता विखुरतात, म्हणून ते पांढरे दिसतात. पण त्याच पदार्थांतले रासायनिक बंध अवरक्त प्रारणाच्या वारंवारतांना कंप पावतात, त्यामुळे तिथे तेच पांढरे द्रव्य जवळजवळ काळे ठरते आणि त्याची उत्सर्जकता ०.९ च्या घरात जाते. बर्फाचेही तसेच आहे. डोळे दिपवणारे ताजे हिम अवरक्तात बहुतांशी कृष्ण पदार्थासारखे वागते. धातूत मात्र मुक्त इलेक्ट्रॉन दोन्ही पट्ट्यांतले प्रारण परतवतात, म्हणून लखलखीत ॲल्युमिनियमची उत्सर्जकता ०.०५ इतकी खाली असते.

आता हिशेब मांडावा. भर दुपारी दर चौरस मीटरवर १,००० वॅट ऊन पडत असेल, तर पांढरे छत २०० वॅट घेते आणि लखलखीत पत्रा १००. इथेच थांबणारे लोक पत्र्याला विजयी ठरवतात. पण दोन्ही ५७ अंशांवर असतील, तर पांढरे छत दर चौरस मीटरमागे सुमारे ६०० वॅट प्रारण सोडते आणि पत्रा जेमतेम ३४. आकाशाकडूनही अवरक्त प्रारण खाली येते आणि ते पांढरे छत अधिक शोषते, त्यामुळे निव्वळ फरक या आकड्यांहून लहान असतो. तरीही तो पांढऱ्याच्याच बाजूने राहतो. वारा पडलेला असेल, तेव्हा कमी ऊन घेतलेला पत्राच अधिक तापतो, कारण घेतलेले टाकायला त्याच्याकडे वाट नसते. बाजारातला साधा जस्ताचा पत्रा तर याहून वाईट, कारण तो ऊनही बरेच अधिक शोषतो. म्हणून पत्र्याच्या घराला रुपेरी रंग द्यावा की पांढरा, असे कोणी विचारले तर मी निःसंकोच पांढरा सांगतो.

चकचकीत पृष्ठभागाची जागा वेगळी आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये तयार केलेल्या निर्वात पात्रापासून आजच्या काचेच्या थर्मॉसपर्यंत भिंतींना चांदीसारखा मुलामा देतात, तो उष्णता सोडायची नसते म्हणून. तिथे पांढरा रंग दिला तर चहा लवकर निवेल. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्याची पांढरा कागद लावलेली बाजू काजळी लावलेल्या बाजूच्या जवळपास तितकीच उष्णता सोडत होती, तर चकचकीत बाजू फारच कमी. म्हणजे हा मुद्दा दोनशे वर्षांपूर्वीच मोजून झाला आहे.

ज्यांच्याकडे अवरक्त तापमापक असेल, त्यांनी स्टीलच्या चकचकीत पातेल्यात पाणी उकळून त्याच्या बाहेरच्या बाजूवर तो रोखून पाहावा. हे उपकरण बहुधा ०.९५ उत्सर्जकता गृहीत धरते, त्यामुळे स्टीलवर ते खऱ्या तापमानापेक्षा फारच कमी आकडा दाखवते. शेजारी वायरमनची चिकटपट्टी लावून, ती तापू देऊन पुन्हा मोजावे. आकडा शंभराच्या जवळ येतो, आणि पट्टी काळी घेतली काय किंवा पांढरी घेतली काय, त्यात फारसा फरक पडत नाही.