हालचालीची भीती आणि खेळात परतण्याची मानसिक तयारी: एसीएल शस्त्रक्रियेनंतरची एक गल्लत

गुडघ्यातील एसीएल या लिगामेंटची पुनर्रचना झालेले बहुतेक खेळाडू कोणत्या ना कोणत्या खेळाकडे वळतात, पण पूर्वीच्या पातळीवर सगळेच पोहोचत नाहीत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात 81 टक्के लोक काही ना काही खेळू लागल्याचे दिसले. दुखापतीपूर्वीची पातळी 65 टक्क्यांनी, तर स्पर्धात्मक खेळ 55 टक्क्यांनी पुन्हा गाठला. गुडघा घट्ट बसला, स्नायूंची ताकद परतली, तरी माणूस मैदानावर उतरत नाही, असे वारंवार घडू लागल्यामुळे खेळाडूच्या मनाची चौकशी करणे हा तपासणीचा भाग बनला. या चौकशीत दोन गोष्टींची सरमिसळ होते. हालचालीची भीती ओसरली म्हणजे खेळात परतण्याची मानसिक तयारी झाली, असे खेळाडू, प्रशिक्षक आणि कधीकधी उपचार करणारेही धरून चालतात. दोहोंचा एकमेकींशी संबंध आहे, हे खरे. पण एक मोजली म्हणजे दुसरी मोजली असे होत नाही.

हालचालीच्या भीतीची कल्पना मुळात खेळाच्या मैदानावरची नाही. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांवर काम करताना 1990 च्या सुमारास ती मांडली गेली आणि तिच्या मोजमापासाठी टॅम्पा स्केल ही सतरा विधानांची प्रश्नावली तयार झाली. पुढे तिची अकरा विधानांची छोटी आवृत्ती आली, आणि गुडघ्याच्या रुग्णांसाठी बहुधा हीच वापरली जाते. विधानांचा रोख असा असतो: व्यायाम केला तर मला इजा होईल, दुखते आहे त्या अर्थी शरीरात काहीतरी बिघडले आहे, माझ्यासारख्या अवस्थेतल्या माणसाने फार हालचाल न केलेली बरी. म्हणजे येथे प्रश्न वेदना, शरीर आणि हालचाल यांच्या नात्याचा आहे. खेळ कोणता, समोर कोण आहे, सामना किती अटीतटीचा आहे, यांचा त्यात उल्लेखही नाही.

मानसिक तयारीचे मोजमाप मात्र याच शस्त्रक्रियेसाठी बेतलेले आहे. केट वेब्स्टर, ज्युलियन फेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2008 मध्ये एसीएल-आरएसआय ही बारा प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात तीन धागे आहेत: खेळाबद्दल वाटणाऱ्या भावना, स्वतःच्या कामगिरीवरचा विश्वास आणि धोक्याचा अंदाज. पुन्हा दुखापत होईल याची धास्ती वाटते का, हा प्रश्न तिच्यातही आहे. पण त्याच्याच शेजारी, गुडघ्याचा विचार न करता खेळता येईल का, पूर्वीइतके चांगले खेळता येईल असे वाटते का, शस्त्रक्रिया आणि रिहॅब (त्यानंतरचे व्यायामोपचार) पुन्हा सोसावे लागेल या विचाराने पाऊल अडते का, असेही प्रश्न आहेत. भीती हा तयारीचा एक घटक आहे. तयारी मात्र भीतीच्या अभावापेक्षा बरीच मोठी आहे.

हा फरक कागदापेक्षा तपासणीच्या खोलीत लवकर कळतो. एका पायावर पुढे उडी मारून त्याच पायावर स्थिर उभे राहण्याची चाचणी घ्या. ज्याच्या मनात हालचालीची भीती आहे, तो उडीपूर्वी दोन-तीनदा गुडघा वाकवून बघतो, उडी आखूड मारतो आणि उतरताना गुडघा जवळजवळ ताठ ठेवतो. तोल जायच्या आतच दुसरा पाय टेकवून मोकळा होतो. दुसरा खेळाडू हीच चाचणी सहज पार पाडतो, शस्त्रक्रिया झालेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या 90 टक्क्यांहून अधिक भरते, टॅम्पा स्केलवरही त्याची भीती कमीच दिसते. मग त्याला छोट्या मैदानावर चार-चार जणांच्या सामन्यात उतरवले जाते. आखून दिलेल्या दिशेने तो झपकन वळतो, पण प्रतिस्पर्धी अचानक अंगावर आला की चेंडू घाईने दुसऱ्याकडे देतो आणि ज्या बाजूने गुडघा फिरला होता त्या बाजूला वळायचेच टाळतो. त्याला गुडघा वाकवायची भीती नाही. अनपेक्षित प्रसंगात तो गुडघा आपल्याला साथ देईल याची खात्री नाही. भीतीच्या प्रश्नावलीत हा खेळाडू निसटतो, तयारीच्या प्रश्नावलीत सापडतो.

उलट जोडीही आढळते, आणि माझ्या मते तिच्याबाबतच अधिक सावध राहायला हवे. काही खेळाडू, विशेषतः तरुण, शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा महिन्यांतच मनाने पूर्ण तयार असतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद मात्र अजून भरून आलेली नसते आणि फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला नवा ग्राफ्ट पक्का व्हायला बराच अवकाश असतो. 2018 च्या एका छोट्या अभ्यासात खेळात परतताना भीती जास्त असलेल्यांमध्ये पुढच्या दोन वर्षांत एसीएल पुन्हा फाटण्याचे प्रमाण कितीतरी अधिक दिसले होते, आणि त्यावरून भीती घालवली की धोका टळतो असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण त्यानंतरच्या काही अभ्यासांत मानसिक तयारीचे गुण जास्त असलेल्यांमध्येच लिगामेंट पुन्हा फाटल्याचे अधिक आढळले. यात विसंगती मानायचे कारण नाही. भीतीने आखडलेला खेळाडू चुकीच्या पद्धतीने जमिनीवर उतरतो, तर अतिविश्वास असलेला लवकर आणि जास्त खेळतो. दोघेही वेगळ्या वाटांनी त्याच धोक्यापाशी पोहोचतात. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, तितका प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा दर सुमारे 51 टक्क्यांनी घटला, असे 2016 च्या एका अभ्यासात दिसले होते. मन कितीही तयार असले तरी या मुदतीला ते पर्याय ठरत नाही.

उपायही वेगवेगळे पडतात. हालचालीची भीती असेल तर दुखणे आणि इजा यांतला फरक समजावून सांगणे, आणि टाळली जाणारी नेमकी हालचाल हेरून तिच्या सोप्या रूपापासून टप्प्याटप्प्याने चढत जाणे, हा मार्ग लागू पडतो: आधी दोन पायांवर बैठक, मग एका पायावर, मग कमी उंचीवरून उडी. तयारी कमी पडत असेल तर अशा आणखी शंभर बैठका काढून काहीच साधत नाही. तेथे खेळाचीच परिस्थिती हळूहळू आणावी लागते: न ठरवलेली वळणे, अंगाला अंग भिडणारा सराव, थकलेल्या पायांनी घेतलेले निर्णय. स्वतःच्या चाचण्यांचे आकडे खेळाडूला दाखवणे आणि खेळात सहभाग, खेळात पुनरागमन व पूर्वीच्या दर्जाची कामगिरी हे टप्पे वेगळे ठेवणे याचाही उपयोग होतो. पहिल्याच सामन्यात जुना खेळ दिसला पाहिजे ही अपेक्षाच अनेकांची तयारी खचवते.

गुण वाचताना एक साधी गफलत होते. टॅम्पा स्केलवर जास्त गुण म्हणजे जास्त भीती, तर एसीएल-आरएसआयवर शून्य ते शंभरपैकी जास्त गुण म्हणजे जास्त तयारी; दोन्ही आकडे शेजारी लिहिले की घाईत अर्थ उलटा लागतो. शिवाय अमुक गुण मिळाले म्हणजे परवानगी, अशी सर्वमान्य सीमारेषा दुसऱ्या प्रश्नावलीला अद्याप नाही. म्हणून एकदाच, परवानगीच्या दिवशी, ती भरून घेण्यात फारसा अर्थ नसतो, कारण त्या दिवशी खेळाडूला काय उत्तर अपेक्षित आहे हे चांगले ठाऊक असते. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून अधूनमधून ती भरून घेतली, तर गुण वाढत आहेत, अडकले आहेत की स्नायूंच्या ताकदीला मागे टाकून पुढे धावत आहेत, हे वेळीच कळते, आणि कोणत्या प्रश्नावर उत्तर अडले आहे तेथून पुढचा सराव ठरवता येतो.