रानपिंगळा (तानसा अभयारण्य)

मध्य आणि पश्चिम भारतातल्या पानझडी जंगलांत राहणारा आणि जगात इतरत्र कुठेही न आढळणारा लहान घुबडवर्गीय पक्षी. वनपिंगळा असेही त्याला म्हणतात. शास्त्रीय नाव अथीनी ब्लेविटी. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आययूसीएन) त्याला २०१८ साली ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणले. प्रौढ पक्ष्यांची संख्या २५० ते ९९९ यांच्या दरम्यान धरली जाते. त्याचे घर म्हणजे सातपुडा, असा समज बराच काळ होता. २०१४ साली तो ठाणे जिल्ह्याच्या तानसा अभयारण्यात सापडला आणि उत्तर सह्याद्रीतली ही पहिलीच नोंद ठरली.

पिंगळा मराठी माणसाला नवा नाही. गावातल्या जुन्या वडा-चिंचेच्या ढोलीतून डोळे वटारून पाहणारा, दिवेलागणीला चिरक्या आवाजात कलकलाट करणारा ठिपक्यांचा पिंगळा ठाणे शहरातही आहे. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा, पक्ष्याची भाषा समजते म्हणून भविष्य सांगणारा लोककलावंत त्याच्याच नावाने ओळखला जातो. रानपिंगळा या घरगुती पिंगळ्याचा भाऊबंद. लांबी जेमतेम २३ सेंमी. डोके मात्र अंगाच्या मानाने मोठे आणि पंजे दणकट. माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो, पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात आणि पायांवर दाट पांढरी पिसे. माथा आणि पोट एवढे नीट पाहिले तरी ओळख पटते. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात दिसतो तो जंगली पिंगळा, हा वेगळा पक्षी. त्याच्या डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेघा असतात. ‘रानपिंगळा’ म्हणून मिरवले जाणारे फोटो पुष्कळदा याचेच निघतात.

दुसरी खूण वागण्यातली. घुबड असून रानपिंगळा दिवसा वावरतो. थंडीतल्या सकाळी उन्हात, पाने झडलेल्या सागाच्या उघड्या फांदीवर निवांत बसतो आणि मधूनच शेपटी झटक्याने डावी-उजवीकडे हलवतो. खाली पाचोळ्यात सरडा, सापसुरळी किंवा उंदीर हलला की सरळ झेप. घरटे झाडाच्या ढोलीत. अंडी सहसा दोन-तीन. मादी ती उबवते आणि नर भक्ष्य आणून देतो.

इतका उघड्यावर बसणारा पक्षी ११३ वर्षे कुणाला दिसला कसा नाही? ब्रिटिश अधिकारी आणि पक्षितज्ज्ञ अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. नमुना आजच्या छत्तीसगडमधल्या बसना गावाजवळचा होता आणि तो मिळवणाऱ्या ब्लेविट यांचे नाव पक्ष्याला मिळाले. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांना शहादा-तळोदा भागात आणखी काही मिळाले. १८८४ नंतर एकही अस्सल नोंद नाही. एकच अपवाद समजला जाई: गुजरातेतल्या मांडवीला १९१४ मध्ये मिळवल्याचा दावा असलेला, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातला नमुना. तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना चोरून, नव्याने पेंढा भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला निघाला. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली आणि खोटी नोंद बाजूला सारून फक्त खऱ्या जुन्या ठिकाणांचा शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी त्यांना, बेन किंग यांना आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला.

पुढे यावल, तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातले खांडवा-बुऱ्हाणपूर अशी नवी ठिकाणे मिळत गेली. मेळघाट आज त्याचा सर्वांत भक्कम गड आहे. २०१८ चा बदल याच संदर्भात वाचायला हवा. जंगल वाढले किंवा पक्षी वाढले म्हणून कमी धोक्याचा गट मिळालेला नाही. शोधणारे डोळे वाढले, म्हणून आधीचा अंदाज फार खाली होता हे कळले. बातम्यांमध्ये हा फरक हमखास गळतो.

तानसाचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे. सुमारे ३२० चौ. किमी.चे हे अभयारण्य शहापूर तालुक्यात आणि आता पालघर जिल्ह्यात गेलेल्या वाडा-मोखाडा भागात पसरले आहे. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण १८९२ चे. पाणलोट राखायचा म्हणून भोवतीचे जंगल टिकले. साग, ऐन, कळंब, हेद, बांबू असे हे आर्द्र पानझडी रान, म्हणजे खानदेशातल्या कोरड्या सागवानापेक्षा वेगळे. आसनगाव-आटगावपर्यंत लोकल जाते. एवढ्या जवळच्या जंगलात हा पक्षी २०१४ पर्यंत नोंदलाच गेला नव्हता.

कायद्याचे संरक्षण पूर्ण आहे: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ची अनुसूची १, शिवाय आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी. घुबड अशुभ मानून मारणे किंवा दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी पकडणे हा गुन्हा आहे. पण रानपिंगळ्याचा खरा प्रश्न ढोलीचा आहे. ढोली तयार व्हायला झाड म्हातारे, पोखरलेले लागते; लाकडाच्या हिशेबात असले झाड कुचकामी आणि जळणासाठी तोडायला सोयीचे. शहापूरकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पाला-फांद्या जाळतात; त्यासाठी ऐनाच्या फांद्या छाटतात. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि कातकरी-ठाकूर-वारली शेतकऱ्याला एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्याच तालुक्यातून रुंद महामार्गही गेले आणि फार्महाऊसच्या प्लॉटिंगचे फलकही लागले. उन्हाळ्यातला वणवा पाचोळ्यातले सरडे-सापसुरळ्या संपवतो. ढोलीतली पिल्ले याच दिवसांत भुकेली असतात.

अलीकडची भर म्हणजे कॅमेरे. एका फोटोसाठी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला फांदीवर बोलावतात. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून तो शिकार सोडून हाकलायला येतो. त्यामुळे जाणकार पक्षीनिरीक्षक तानसातल्या नोंदीत गावाचे किंवा झाडाचे नाव देत नाहीत. नुसते ‘तानसा’ एवढेच लिहितात.