लीड्स–लिव्हरपूल कालव्यातील नौकासहल

उत्तर इंग्लंडमध्ये भाड्याने घेतलेल्या बोटीतच मुक्काम ठेवून आणि ती स्वतः चालवत केलेला काही दिवसांचा प्रवास. यॉर्कशायर आणि लँकेशायर यांना पेनाइन डोंगररांगेवरून जोडणारा हा कालवा २०४ किमी लांब आहे. खोदकाम १७७० मध्ये सुरू झाले आणि मुख्य मार्ग पुरा व्हायला १८१६ उजाडले. कोळसा, चुनखडी, लोकर आणि कापूस यांच्या वाहतुकीसाठी तो खोदला. आज त्यावर प्रामुख्याने सहलीच्या बोटी दिसतात.

या बोटी लांबट आणि चिंचोळ्या, रुंदी जेमतेम २.१ मीटर. आत स्वयंपाकघर, बिछाने आणि शौचालय असते. भाड्याच्या बोटीसाठी परवाना लागत नाही. मालक निघण्यापूर्वी शिकवतो. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळते, हे अंगवळणी पडायला थोडा वेळ जातो. वेगमर्यादा ताशी ६.४ किमी, म्हणजे काठावरचा झपाझप चालणारा माणूस बरोबरीने येऊ शकतो.

चढउतारासाठी लॉक (जलपाश), म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेले कालव्यातले कप्पे, असतात. बोट आत घेऊन दारे लावायची, हँडलने झडप उचलायची आणि पाणी भरू द्यायचे. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत दार कितीही जोर लावला तरी हलत नाही. ती झाली की दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ टेकून रेटले तरी ते सावकाश उघडते. बिंगलीचे १७७४ मधील पाच लॉक जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाला एक जोडलेले आहेत आणि बोटीला सुमारे १८ मीटर वर नेतात. तिथे मदतीला लॉकरक्षक असतो.

त्यांच्या वर, स्किप्टन ओलांडून गारग्रेव्हच्या अलीकडेपर्यंत सुमारे २७ किमीत एकही लॉक नाही. पाणी एका पातळीत राहावे म्हणून अभियंत्यांनी कालवा डोंगराच्या कुशीने वळवत नेला. मेंढ्यांची कुरणे, दगडी कुंपणे आणि खालची एअर नदी सतत दिसत राहतात ती या वळणांमुळेच. सहलीचा सर्वांत रमणीय टप्पा हाच. मात्र वाटेतले फिरते पूल उघडण्यासाठी सोबत्याला वारंवार काठावर उतरावे लागते.

बिंगलीच्या खाली सॉल्टेअर लागते. टायटस सॉल्ट याने कामगारांसाठी वसवलेले हे गाव २००१ पासून जागतिक वारसास्थळ आहे; कालवा त्याच्या गिरणीच्या इमारतींमधून जातो. पश्चिमेला फाउलरिजचा सुमारे १,५०० मीटरचा बोगदा आहे. १९१२ मध्ये पाण्यात पडलेली एक गाय हा बोगदा पोहून पलीकडे निघाली आणि लोकांनी तिला ब्रँडी पाजून सावरले, ही गोष्ट तिथे अजून सांगतात. पुढे बर्नलीत कालवा उंच भरावावरून जातो आणि घरांची छपरे बोटीच्या खाली दिसतात. त्यापुढचे ब्लॅकबर्न भारतीय बाजारासाठी धोतरे विणणारे गाव होते. स्वदेशीच्या बहिष्काराची झळ या भागाला बसली. १९३१ मध्ये गांधीजी इथल्या गिरणी कामगारांना जवळच्या डार्वेनमध्ये भेटले.

लॉक चालवताना प्रत्येक वेळी माथ्यावरचे पाणी खाली जाते आणि ते जलाशयांतून भरून काढावे लागते. पाऊस ओढला की लॉक बंद करावे लागतात. २०१० च्या उन्हाळ्यात कालव्याचा मोठा भाग असा बंद होता. त्यामुळे बोट ठरवण्याआधी जलाशयांची स्थिती पाहून घ्यावी.