न्यूरोपेज
मेंदूला इजा झालेल्या व्यक्तीला ठरल्या वेळी ठरलेल्या कामाची आठवण करून देणारी, पेजरवर, म्हणजे संदेश येताच वाजणाऱ्या छोट्या यंत्रावर, आधारलेली पद्धत. स्मरणशक्ती आणि कामांची आखणी बिघडलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनात तंत्रज्ञानाच्या वापराचे हे सर्वाधिक अभ्यासले गेलेल्या उदाहरणांपैकी एक आहे.

अपघातात डोक्याला मार लागणे, पक्षाघात, मेंदूज्वर अशा कारणांनी मेंदूला इजा होते, तेव्हा विसरणे अनेक रूपांत दिसते. काल काय घडले ते न आठवणे हे एक रूप. चार वाजता गोळी घ्यायची आहे हे सकाळी नीट सांगता येते, पण चार वाजता मनातच येत नाही, हे दुसरे. रोजच्या आयुष्याची घडी मोडते ती बहुधा या दुसऱ्यामुळे. मग घरातले कोणीतरी दिवसभर मागे लागून आठवण करत राहते. सांगणारा थकतो आणि ऐकणाऱ्याला सतत टोकले जात असल्याचा त्रास होतो.

कॅलिफोर्नियातील अभियंते लॅरी ट्रेडगोल्ड यांच्या घरी हेच घडत होते. त्यांच्या मुलाच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली होती. नील हर्श या मेंदू-मानसतज्ज्ञांच्या सोबतीने त्यांनी न्यूरोपेज तयार केले. त्याची माहिती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली.

पेजर हे कमरपट्ट्याला अडकवायचे छोटे यंत्र. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यातही ते अनेकांच्या कमरेला दिसे. न्यूरोपेजमध्ये रुग्णाची कामे आणि वेळा आधी संगणकात भरल्या जात. वेळ झाली की संगणक टेलिफोन लाइनवरून पेजर कंपनीला संदेश देई आणि रुग्णाचा पेजर वाजे किंवा थरथरे. रुग्णाने एक मोठे बटण दाबले की संदेश दिसे : गोळी घेणे, डबा भरणे, दवाखान्याची वेळ. स्मृती अधू झालेल्या माणसाला यंत्र वापरण्याच्या दहा पायऱ्या शिकवणे फार अवघड असते. येथे शिकायचे ते एवढे एकच बटण. शिवाय त्या काळी पेजर बाळगणे प्रतिष्ठेचे मानले जाई. चारचौघांत तो वाजला तरी रुग्णाला ओशाळे वाटत नसे, आणि साधन रोज जवळ बाळगले जाण्यासाठी ही बाब फार मोलाची होती.

या पद्धतीची कसोशीने पारख इंग्लंडमध्ये झाली. मेंदू-मानसतज्ज्ञ बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये १५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणती कामे मोजायची हे रुग्णागणिक ठरवले होते. पेजरपूर्वी ठरलेल्या कामांपैकी सरासरी सुमारे ३७ टक्के कामे पार पडत. पेजर असताना हे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर गेले. पेजर काढून घेतल्यावरही ते सुमारे ७४ टक्के राहिले. २००१ च्या मोठ्या चाचणीत १४३ जण होते. त्यांचे दोन गट करून एकाला सात आठवडे पेजर दिला, दुसऱ्याला थांबवले, मग अदलाबदल केली. चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांची कामगिरी पेजरमुळे स्पष्टपणे सुधारली.

पेजर गेल्यावरही कामे होत राहिली, ती बहुधा आठवडे-आठवडे ठरल्या वेळी केल्याने सवय जडली म्हणून. पण हे सर्वांच्या बाबतीत घडले नाही. याच चाचणीच्या माहितीची २००८ मध्ये पुन्हा छाननी झाली, तेव्हा डोक्याला मार लागलेल्यांची सुधारणा टिकलेली दिसली, तर पक्षाघाताचे रुग्ण पेजरविना पुन्हा मूळ पातळीकडे गेले. पक्षाघाताच्या या रुग्णांत आखणी आणि आत्मनियंत्रणाची क्षमता अधिक दुबळी होती. म्हणून ‘आता जमतेय’ असे पाहून सर्वांचेच साधन सरसकट काढून घेणे चुकीचे ठरेल. काहींना ते चष्म्यासारखे कायम लागते, आणि तसे लागण्यात उपचाराचे अपयश नाही.

या विचाराची मुळे जुनी आहेत. दुसऱ्या महायुद्धात एडिंबरोत मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर काम करणारे मानसतज्ज्ञ ऑलिव्हर झँगविल यांनी १९४७ मध्ये पुनर्वसनाचे तीन मार्ग मांडले होते : उणीव दुसऱ्या साधनाने भरून काढणे, हरवलेल्या क्षमतेच्या जागी शाबूत क्षमता वापरणे आणि थेट सराव. न्यूरोपेज पहिल्या मार्गावरचे. विल्सन यांनी १९९६ मध्ये केंब्रिजजवळील ईली येथे स्थापलेल्या पुनर्वसन केंद्राला झँगविल यांचेच नाव दिले. संगणकावरील स्मृतीचे खेळ तिसऱ्या मार्गात मोडतात. त्यांत खेळाचे गुण वाढतात. पण त्यामुळे घरात औषध वेळेवर घेतले जाऊ लागेल, याची खात्री देता येत नाही.

पुढच्या एका प्रयोगात कामाचे नावही गाळून पाहिले. सहभागींना ठरल्या वेळी फोन करायचे काम होते. काही दिवस त्यांना अधूनमधून फक्त ‘स्टॉप’ असा लघुसंदेश जाई; थांबा, विचार करा, जुळवाजुळव करा, आखणी करा, असा त्यातील चार इंग्रजी अक्षरांचा अर्थ आधी शिकवलेला होता. फोनचा उल्लेख संदेशात नव्हता, तरी ज्या दिवशी संदेश आले त्या दिवशी फोन अधिक वेळेवर गेले.

आता पेजरची जागा मोबाइलने घेतली आहे आणि त्यात गजर, दिनदर्शिका, ध्वनिसूचना सारे काही आहे. मात्र मोबाइलमध्ये सूचना भरण्याची आठवण रुग्णालाच ठेवावी लागली तर मूळ अडचण तशीच राहते; न्यूरोपेजमध्ये हे काम दुसरी व्यक्ती करीत असे. गजर बंद करून काम मात्र राहून जाणे, हेही नेहमी घडते. त्यामुळे सूचना कोण भरणार, ती रुग्ण कुठे असताना वाजावी आणि तिचे शब्द कसे असावेत, हे रुग्ण, घरचे आणि उपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवावे लागते.