एम-पेसा आणि यूपीआय: एक मनीऑर्डरच्या कुळातलं, दुसरं चेकच्या

‘एम-पेसा म्हणजे केनियाचं यूपीआय’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर नीट लिहावंसं वाटतं. दिसायला दोन्ही सारखीच: हातात फोन, त्यावर पिन, आणि क्षणात ‘पैसे आले’ असा मेसेज. पण पैसा नेमका कुठे असतो आणि त्याच्या नोटा शेवटी कोण हातात देतो, हे दोन प्रश्न विचारले की साम्य तिथेच संपतं.

आपल्याकडच्याच दोन जुन्या गोष्टी आठवल्या तर फरक लगेच कळतो. मुंबईच्या गिरणीतला कोकणातला चाकरमानी पगार झाला की पोस्टाच्या खिडकीत नोटा द्यायचा आणि मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा. खालच्या तुकड्यावर खुशालीच्या दोन ओळी लिहायचा. काही दिवसांनी गावात पोस्टमन ओटीवर टेकून नोटा मोजून द्यायचा आणि आईचा अंगठा घ्यायचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची अर्थव्यवस्था ‘मनीऑर्डरवर चालते’ असं म्हणत, ते उगाच नव्हतं. या सगळ्यात बँक कुठेच नव्हती. पाठवणाऱ्याचं खातं नव्हतं, घेणारीचंही नव्हतं.

चेकचं तसं नाही. क्रॉस केलेल्या चेकला दोन्हीकडे खातं लागतं. कागद पूर्वी या बँकेतून त्या बँकेत जायचा, मध्ये क्लिअरिंग म्हणजे बँकांमधला हिशेब व्हायचा, एकीकडे पैसे नावे पडायचे, दुसरीकडे जमा व्हायचे. नोट कुणाच्या हाताला लागतच नाही.

एम-पेसा मनीऑर्डरच्या कुळातलं आहे आणि यूपीआय चेकच्या.

केनियात २००७ च्या मार्चमध्ये सफारीकॉम या मोबाईल कंपनीने एम-पेसा सुरू केलं, तेव्हा तिथे पाचातल्या जेमतेम एका प्रौढ माणसाचं बँकेत खातं होतं. आधी चाचणी झाली ती वेगळ्याच कामासाठी. लघुकर्ज घेणाऱ्यांनी हप्ते मोबाईलवरून भरावेत, अशी कल्पना होती, आणि ब्रिटिश सरकारच्या विकास-निधीतून सफारीकॉमची भागीदार असलेल्या व्होडाफोनला त्यासाठी मदत मिळाली होती. चाचणीत लोकांनी हप्ते भरलेच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. ते एकमेकांना पैसे पाठवू लागले. कंपनीने हे पाहिलं आणि कर्जाचा भाग बाजूला ठेवून ‘घरी पैसे पाठवा’ एवढंच घोषवाक्य घेऊन ती बाजारात उतरली. नैरोबीत नोकरी करायची आणि गावी आई-बायको-मुलांना पैसे धाडायचे, हे तिथलं रोजचं जगणं. त्याआधी हे पैसे बसच्या ड्रायव्हरकडे पाकिटात घालून दिले जात, किंवा गावी जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे. आपल्या चाकरमान्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

‘पेसा’ हा स्वाहिली शब्द आपला ‘पैसा’च आहे. हिंदी महासागरातल्या व्यापाराबरोबर तो तिकडे गेला. १९२० पर्यंत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत व्यवहार रुपयांतच होत. शेजारच्या जर्मन पूर्व आफ्रिकेत तर १९०४ पर्यंत ६४ पेसांचा एक रुपया होता, आपल्या जुन्या ६४ पैशांसारखाच.

आता एम-पेसा चालतं कसं, ते जरा जवळून पाहू. हिरव्या रंगाची टपरी, कधी किराणा दुकानाचा कोपरा. जाळीमागे एजंट, त्याच्याकडे एक साधा फोन आणि एक रजिस्टर. तुम्ही त्याला १००० शिलिंगच्या नोटा देता आणि ओळखपत्र दाखवता. तो त्याच्या फोनवरून तुमच्या नंबरावर १००० शिलिंग पाठवतो. दोघांच्याही फोनवर मेसेज येतो. तुमच्या नोटा त्याच्या गल्ल्यात गेल्या आणि त्याच्या फोनमधले हजार तुमच्या फोनमध्ये आले. कंपनीने इथे नवीन काहीच निर्माण केलं नाही. एजंटने आधीच आपले पैसे भरून फोनमधली ती शिल्लक विकत घेतलेली असते. तिला ‘फ्लोट’ म्हणतात. सगळ्या ग्राहकांच्या फोनमधली शिल्लक मिळून जेवढी होते, तेवढे खरे पैसे बँकांमध्ये विश्वस्त खात्यात ठेवलेले असतात. ग्राहक मात्र त्या बँकेत कधी पाऊलही टाकत नाही. त्याचं खातं म्हणजे त्याचं सिमकार्ड.

गावी आईच्या फोनवर मेसेज आला की ती जवळच्या टपरीवर जाते, पिन टाकून तीच शिल्लक तिथल्या एजंटला देते आणि नोटा घेऊन घरी येते. पोस्टमनची जागा टपरीवाल्याने घेतली. फरक एवढाच की तो अंगणात येत नाही, पण दिवसभर तिथे बसलेला असतो.

या व्यवस्थेचा खरा कस लागतो तो एजंटच्या गल्ल्यात. शहरात लोक पैसे भरतात, गावात काढतात. म्हणून शहरातल्या एजंटकडे दुपारपर्यंत नोटांची थप्पी साचते आणि फ्लोट संपतो. गावातल्याचं नेमकं उलट होतं: फोनमध्ये शिल्लक भरपूर, पण गल्ला रिकामा. मग कुणीतरी मोटारसायकलवर बसून तालुक्याच्या गावाला जायचं, बँकेतून नोटा आणायच्या आणि बाजाराच्या दिवसाआधी टपरीत पोचवायच्या. ‘मोबाईल क्रांती’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यातला निम्मा भार या धावपळीने उचललेला आहे. आज केनियात असे दोन लाखांहून जास्त एजंट आहेत, तर बँकांच्या शाखा सुमारे दीड हजार. माझ्या मते एम-पेसाचं सगळं यश या दोन आकड्यांत आहे. तंत्र साधंच होतं. इंटरनेट नको, स्मार्टफोन नको, सिममधला मेनू पुरे. माणसं उभी करणं अवघड होतं आणि ते त्यांनी केलं.

त्याचा परिणामही मोजला गेला. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाऊन माहिती घेतली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. एम-पेसामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे केनियातली २ टक्के कुटुंबं, दारिद्र्याबाहेर आली. फायदा जास्त झाला तो स्त्रियांना. सुमारे १,८५,००० स्त्रिया पोटापुरत्या शेतीतून धंद्या-व्यापाराकडे वळल्या. कारण समजायला सोपं आहे. पीक गेलं, घरात कुणी आजारी पडलं, तर दूरच्या भावाकडून त्याच दिवशी मदत येऊ शकते. मग खायचं धान्य किंवा दावणीची शेळी विकावी लागत नाही.

यूपीआयचा जन्म अगदी वेगळ्या अडचणीतून झाला. २०१६ मध्ये भारतात खाती नव्हती असं नाही. २०१४ च्या ऑगस्टपासून जनधनची खाती कोटींनी उघडली जात होती. अडचण होती ती या बँकेतून त्या बँकेत पैसे पाठवण्याची: आयएफएससी कोड, खाते क्रमांक, लाभार्थी जोडून तासन्‌तास वाट पाहणं. बँकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या एनपीसीआय या मुंबईतल्या संस्थेने २०१० मध्ये आयएमपीएस ही बँकांमध्ये लगेच पैसे पाठवणारी सेवा आणली होतीच. त्याच रुळांवर ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआय सुरू झालं.

भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन करून तुम्ही ४० रुपये टाकता तेव्हा तुमच्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये पैसे नसतातच. अ‍ॅप फक्त निरोप्या. निरोप एनपीसीआयच्या यंत्रणेकडे जातो, ती तुमच्या बँकेला सांगते, बँक पिन तपासून ४० रुपये नावे टाकते, भाजीवाल्याची बँक जमा करते आणि त्याच्या टोपलीशेजारचा डबा ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ असं खड्या आवाजात सांगतो. कंपनी कुठलीही असो, बँक कुठलीही असो, व्यवहार होतो. एम-पेसाला हे सहज जमलं नाही. केनियातल्या वेगवेगळ्या मोबाईल कंपन्यांच्या खात्यांमध्ये थेट पैसे जाणं २०१८ मध्ये सुरू झालं, म्हणजे अकरा वर्षांनी.

खर्चाचं गणितही वेगळं. एम-पेसात पैसे भरणं फुकट, पण पाठवायला आणि काढायला शुल्क लागतं. त्यातूनच एजंटचं कमिशन निघतं, आणि सफारीकॉमच्या सेवा-उत्पन्नातला ४० टक्क्यांहून जास्त वाटाही. गरीब माणसाला ते शुल्क टोचतं, हे खरंच. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. त्याची थोडीफार भरपाई सरकार करतं. २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांकडच्या व्यवहारांपोटी १,५०० कोटी रुपये मंजूर झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. फुकट असल्याशिवाय दहा रुपयांच्या चहाचे पैसे कुणी फोनवरून दिले नसते.

एक फरक फसवणुकीपासून वाचवणारा आहे. एम-पेसात एजंटकडून नोटा घेताना पिन टाकावा लागतो, कारण तुम्ही आपली शिल्लक त्याला देत असता. यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. ‘पैसे मिळवायला पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा.

आपल्याकडे खुद्द एम-पेसाही येऊन गेलं. व्होडाफोनने २०१३ मध्ये ते भारतात आणलं आणि २०१९ मध्ये गुंडाळलं. इथे रिझर्व्ह बँकेने खातं आणि रोकड यांची सूत्रं बँकांच्या हातात ठेवली होती. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने सुरुवातीला मोबाईल कंपनीला मोकळीक दिली आणि नियम नंतर, अनुभव पाहून केले. शिवाय यूपीआय आल्यावर फोनमध्ये वेगळी शिल्लक भरून ठेवायचं कारणच उरलं नाही.

पण मनीऑर्डरचा तो शेवटचा टप्पा, नोटा मोजून हातात देणं, यूपीआयने सोडवलेला नाही, आणि याची मला खरी काळजी वाटते. माझी मावशी कोकणात राहते. मुलगा पुण्याहून यूपीआयने पैसे टाकतो, ते दोन सेकंदांत तिच्या खात्यात जमा होतात. मग सुरू होते तिची पायपीट. बँक नऊ किलोमीटरवर, एसटी दिवसातून तीनदा. गावात आधारवर पैसे देणारा बँक मित्र आहे, पण आयुष्यभर भाताच्या खाचरात राबून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्यात. मशीन अंगठा ओळखत नाही. ती पदराने बोट पुसते, पुन्हा ठेवते, दुसरं बोट ठेवते. मागे रांग असते.

हल्ली ती तिथे जात नाही. मुलगा पैसे थेट वाडीतल्या किराणा दुकानदाराच्या यूपीआयवर टाकतो. दुकानदार वहीत लिहितो, हजारामागे दहा रुपये ठेवून घेतो आणि उरलेल्या नोटा मावशीच्या हातावर मोजून ठेवतो. त्याला कुणी एजंट नेमलेलं नाही. चतुर्थीच्या आठवड्यात गल्ला रिकामा झाला की तो स्कूटर काढून तालुक्याला जातो आणि नोटा घेऊन येतो.